छत्री, वायर आणि खारी हवा

पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी आली की घरातले लोक आधी उपग्रहाला आणि मग डीटीएच कंपनीला बोल लावतात. दोघेही बहुतेक वेळा निर्दोष असतात. सुमारे ३६ हजार किलोमीटरचे अंतर बिनबोभाट कापून आलेला सिग्नल हरवतो तो शेवटच्या वीस-पंचवीस मीटरांत. छत्रीच्या (डिशच्या) तोंडापाशी, तिच्या दांडीच्या टोकावरच्या एलएनबीच्या पिनेत, छपरावरून खिडकीतून आत घेतलेल्या वायरीत, नाहीतर बॉक्सच्या पाठीमागे. तो नेमका कुठे हरवला हे शोधायला महागडी साधने लागत नाहीत. कोणती गोष्ट आधी पाहायची आणि कोणती नंतर, एवढे कळले तरी निम्मे काम होते.

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई आणि मोर्वा ही गावे ओळीने लागतात. आसपास खाडी, तिवरांचे रान आणि मिठागरे, पश्चिमेला समुद्र. भाईंदरच्या टॉवरांमध्ये केबल आणि ब्रॉडबँडची चलती असली, तरी अशा गावांतल्या पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांना स्वतःची छत्री सोयीची पडते. हवा मात्र खारी, पावसाळा चार महिन्यांचा, आणि अंगणात नारळ. सिग्नल बिघडण्याची जवळजवळ सगळी कारणे इथे एकत्र सापडतात, म्हणून हा विषय समजून घ्यायला राईचे छप्पर चांगले.

या छपरांनी दिशाही बदललेली पाहिली आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा प्रक्षेपण वरळीच्या मनोऱ्यावरून होई. भाईंदर परिसरातले ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेने त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून उभे असत. २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस (आजची डीडी फ्री डिश) आणि २००६ मध्ये टाटा स्काय (आजची टाटा प्ले) आली आणि छपरांवरची तोंडे आग्नेयेला वळली. भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहेत आणि राई आहे ७२.८ अंशांवर. म्हणजे राईतून पाहता ते सगळेच दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये कुठेतरी दिसणार.

फ्री डिशचा सिग्नल दिल्लीतल्या तोडापूर इथल्या भूकेंद्रातून वर जातो. ९३.५ अंश पूर्वेला असलेला इस्रोचा जीसॅट-१५ तो झेलतो, त्याची वारंवारता बदलतो आणि भारताकडे परत सोडतो. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ अग्निबाणाने सोडला गेला. अशा उपग्रहात सिग्नल झेलून परत सोडणाऱ्या एका ट्रान्सपॉन्डरची शक्ती शंभर-दीडशे वॅटच्या घरात असते आणि ती अख्ख्या देशावर पसरते. राईतल्या एका छत्रीच्या वाट्याला त्यातले किती येत असेल याचा अंदाज करता येईल. तेवढ्याशा ऊर्जेला साठेक सेंटिमीटरची छत्री एका बिंदूवर गोळा करते, आणि त्या बिंदूवर दांडीच्या टोकाला एलएनबी बसवलेला असतो.

एलएनबीचे काम नीट समजले तर पुढचा सगळा शोध सोपा होतो. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या असतात. इतकी उच्च वारंवारता साध्या वायरीत घातली तर काही मीटरांतच विरून जाईल. म्हणून एलएनबी तिला जागच्या जागी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो, वाढवतो आणि मगच खाली पाठवतो. या कामाला त्याला वीज लागते, आणि ती वीज बॉक्स त्याच वायरीतून वर पाठवतो: एका प्रकारच्या लहरींसाठी १३ व्होल्ट, दुसऱ्यासाठी १८. एकाच वायरीतून वीज वर जाते आणि चित्र खाली येते. वायर जराशी खराब झाली तर दोन्ही वाटा एकदम अडतात. छपरावरचा एलएनबी ‘गेला’ असे मेकॅनिक सांगतो तेव्हा कित्येकदा एलएनबी ठणठणीत असतो, त्याला वीज पोहोचत नसते एवढेच.

शोधाची सुरुवात मात्र छपरावरून करू नये. पडद्यावरची पाटी आधी नीट वाचावी. ‘नो सिग्नल’ ही अक्षरे दोन ठिकाणांहून येऊ शकतात. टीव्ही संचाने ती दाखवली असतील तर टीव्हीला बॉक्सकडून काही मिळत नाही, म्हणजे रिमोटवरून एचडीएमआय किंवा एव्ही बदलले गेले आहे, बॉक्स बंद आहे, अथवा मधली केबल सैल आहे. कंपनीच्या रंगातली, खाली संकेतांक असलेली पाटी आली तर बॉक्स चालू आहे आणि त्याला छत्रीकडून काही मिळत नाही. पैसे संपल्याची, पॅक नसल्याची किंवा कार्ड न वाचल्याची पाटी वेगळी असते, आणि तिचा सिग्नलशी काही संबंध नसतो. मुदत संपून गेल्यावर रिचार्ज केले असेल तर बॉक्स चालू ठेवून कंपनीकडून ‘रिफ्रेश’ मागवावे लागते, कारण वाहिन्या उघडण्याचा हुकूमही उपग्रहावरूनच येतो. बॉक्स बंद असेल तर तो हुकूम घेणार कोण?

दुसरी चौकशी शेजारी करावी. त्याच कंपनीची छत्री असलेल्या शेजाऱ्याकडे चित्र येत असेल तर दोष आपल्या घरात. दोघांकडेही बंद असेल तर पाऊस किंवा प्रक्षेपण. उपग्रहच आजारी पडल्याचे प्रसंग अगदी विरळा, पण घडलेले आहेत. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या दोनपैकी एका सौर पॅनेलकडून येणारी वीज अडली आणि निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद ठेवावे लागले. त्या वेळी त्याच्यावर अवलंबून असलेल्या सन डायरेक्ट या डीटीएच कंपनीच्या ग्राहकांचे पडदे कोरे झाले होते आणि कोणत्याही छपरावर चढून काही उपयोग नव्हता.

शेजाऱ्याकडे चित्र आहे असे कळले की बॉक्सची वीज मुख्य बटणापासून बंद करून दोन-चार मिनिटांनी पुन्हा लावावी. बॉक्स म्हणजे एक छोटा संगणकच असतो, तो अडकतो. रिमोटवरून बंद केल्याने तो फक्त झोपतो, बंद होत नाही.

एवढ्याने भागले नाही तर मेनूमध्ये जाऊन सिग्नलच्या दोन पट्ट्या पाहाव्यात. जवळपास प्रत्येक बॉक्सच्या सेटिंगमध्ये त्या असतात: एक ‘स्ट्रेंग्थ’ आणि दुसरी ‘क्वालिटी’. यातली पहिली फसवी आहे. एलएनबीला वीज मिळाली की तो स्वतःची खरखरसुद्धा खाली पाठवतो, आणि बॉक्स तीही ‘स्ट्रेंग्थ’मध्येच धरतो. छत्री ढगांकडे असो की शेजारच्या भिंतीकडे, ही पट्टी थोडीफार भरलेलीच दिसते. खरी माहिती देते ती ‘क्वालिटी’, म्हणजे येणाऱ्या आकड्यांपैकी किती धडपणे वाचता येतात. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर वायर व एलएनबी बहुधा ठीक आहेत, छत्रीची दिशा चुकली आहे किंवा समोर आडोसा आला आहे. दोन्ही शून्यावर असतील तर एलएनबीला वीजच मिळत नाही. म्हणजे वायर तुटली, पिन निघाली किंवा एलएनबी मेला. या एका निरीक्षणाने छपरावरची अर्धी शोधाशोध वाचते, तरी बॉक्सचा हा मेनू फारसे कुणी उघडत नाही.

डिजिटल चित्राची आणखी एक खोड इथे सांगायला हवी. जुन्या अँटेन्यावर सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आवाज खरखरायचा, पण बातम्या कळायच्या. डिजिटल प्रक्षेपणात चुका दुरुस्त करणारी जादा माहिती सिग्नलसोबतच पाठवलेली असते, त्यामुळे क्वालिटी घसरत जाते तरी चित्र स्वच्छच राहते. एका मर्यादेखाली गेले की चित्राच्या चौकटी फुटतात, आवाज अडखळतो, आणि आणखी किंचित घसरण झाली की सगळेच जाते. परवापर्यंत छान चालले होते आणि आज अचानक गेले, असे वाटते ते यामुळे. बिघाड महिनोन्‌महिने वाढत आलेला असतो, दिसतो फक्त शेवटच्या दिवशी.

पावसाची गोष्ट निराळी. १२ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर. पावसाचा थेंब काही मिलिमीटरांचा. इतक्या जवळच्या मापामुळे थेंब या लहरी शोषतात आणि इकडेतिकडे उधळतात. यात दिवसभरात किती पाऊस पडला याला महत्त्व नाही, त्या घटकेला किती जोराने पडतो आहे याला आहे. दिवसभराची रिपरिप टीव्हीला काही करत नाही. वीस मिनिटांची सर तो बंद पाडते आणि सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. अशा वेळी छत्रीला हात लावणे ही सर्वांत मोठी चूक. पावसाने गेलेला सिग्नल छत्री हलवून येत नाही, पाऊस थांबल्यावर मात्र हलवलेल्या छत्रीमुळे तो येत नाही.

पावसाचा फटका सर्व कंपन्यांना सारखा बसत नाही, आणि राईपुरता त्याचा हिशेब करता येतो. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत, राईतून ते क्षितिजापासून साधारण ६४ अंश उंचीवर दिसतात. डी२एचचा ८८ अंशांवरचा उपग्रह ६१ अंशांवर, फ्री डिशचा ५७ अंशांवर, डिश टीव्हीचा ९५ अंशांवरचा ५६ अंशांवर. एअरटेल १०८.२ अंशांवरचा उपग्रह वापरते आणि तो राईतून जेमतेम ४४ अंशांवर आहे. आपल्याकडे पावसाचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपासून खाली येतात असे धरले, तर टाटा प्लेच्या सिग्नलला पावसातून साडेपाच किलोमीटर यावे लागते आणि एअरटेलच्या सिग्नलला सात किलोमीटरांहून अधिक. शिवाय दुसऱ्याची वाट इतकी तिरपी की तिचे वरचे टोक पूर्व-आग्नेयेला पाच किलोमीटरांवर, म्हणजे थेट मीरा रोडच्या आकाशात असते. राईत अंगण कोरडे आणि टीव्ही बंद, हा चमत्कार त्यामुळे घडू शकतो. सर मीरा रोडवर कोसळत असते.

  

वर्षातून दोनदा सूर्यही सिग्नल बुजवतो. मार्चमध्ये १२ तारखेच्या आणि ऑक्टोबरमध्ये १-२ तारखेच्या आगेमागे तो आकाशातून जाताना काही मिनिटे नेमका उपग्रहाच्या पाठीशी येतो. सूर्य स्वतः रेडिओलहरींचा प्रचंड स्रोत असल्याने त्याच्या कल्लोळात उपग्रहाचा आवाज ऐकू येत नाही. मार्चमध्ये राईत एअरटेलवर हे सकाळी दहाच्या सुमारास, फ्री डिश आणि डिश टीव्हीवर सव्वाअकराच्या आसपास, टाटा प्लेवर दुपारी बाराला घडते. ऑक्टोबरमध्ये वीसेक मिनिटे आधी. चार-पाच दिवस हा खेळ चालतो आणि संपतो. दुरुस्तीला कुणाला बोलावू नये.

हाच योग एका चाचणीसाठी फार उपयोगाचा आहे. त्या मिनिटांना ऊन आणि सिग्नल एकाच वाटेने येत असतात. तेव्हा नारळाच्या झावळीची सावली छत्रीवर पडलेली दिसली तर ती झावळी उपग्रहाच्या आड येते आहे, यात शंका नाही. सावली नसेल तर झाड निर्दोष. एरवी खालून मान वर करून पाहिले तर अंदाज चुकतो, कारण छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर पाहत असते. घरगुती छत्रीचा वाडगा असा घडवलेला असतो की ती प्रत्यक्षात बघते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली झुकल्यासारखी वाटते. समोरच्या इमारतीवर रोखलेली वाटणारी छत्री तिच्या गच्चीच्या कितीतरी वरून पलीकडे पाहत असू शकते.

मार्च-ऑक्टोबरची वाट न पाहताही आडोशाचा हिशेब करता येतो. छत्रीच्या पातळीपेक्षा दहा मीटर उंच नारळ उपग्रहाच्या दिशेला असेल, तर टाटा प्लेसाठी तो पाच मीटरांच्या आत असला तरच आड येतो. फ्री डिशसाठी ही मर्यादा साडेसहा मीटर आणि एअरटेलसाठी दहा मीटर. छत्रीपेक्षा चाळीस मीटर उंच टॉवर समोर उभा राहिला तर एअरटेलची छत्री चाळीस मीटर अंतरावरूनही आंधळी होते, टाटा प्लेला वीस मीटरांचे अंतर पुरते. भाईंदर परिसरात इमारती वाढतच आहेत. बांधकाम दोन-चार मजले वर चढल्यावर एके दिवशी एका घराचा टीव्ही जातो आणि शेजाऱ्याचा वेगळ्या कंपनीचा चालू राहतो, त्याचे कारण हेच.

झाडांपेक्षा लवकर लक्षात न येणारे आडोसे माणसेच करतात. गळती रोखायला गच्चीवर पत्र्याची शेड उभारली जाते आणि छत्री तिच्याखाली राहते. पावसाळ्यापूर्वी छपरावर ताडपत्री ताणली जाते. कोरडे प्लास्टिक सिग्नलला फारसे अडवत नाही, पण त्यावर पाण्याचा थर आला की वाट बंद. ओल्या चादरी छत्रीसमोर वाळत घातल्यानेही टीव्ही जातो. मेकॅनिकला बोलावून, त्याने चादर बाजूला करून बिल घेतल्याचे किस्से गावोगाव ऐकू येतात.

आता खाऱ्या हवेकडे. समुद्राजवळ घरगुती डीटीएच बिघडण्याचे क्रमांक एकचे कारण ना छत्री, ना बॉक्स, तर वायरीच्या टोकाला असलेली ती बोटाच्या पेराएवढी पिन. तिला एफ कनेक्टर म्हणतात. वायरीच्या मधोमध तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर ॲल्युमिनियमचा पापुद्रा व बारीक तारांची जाळी, आणि बाहेर काळे किंवा पांढरे वेष्टन. पिन बसवताना जाळी मागे दुमडतात आणि मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवतात. ही तार आखूड पडली तर संपर्क होत नाही. जाळीचा एखादाच केस तिला चिकटला तर शॉर्ट होते आणि बॉक्स स्वसंरक्षणासाठी वर जाणारी वीज तोडतो. दोन्ही पट्ट्या एकदम शून्यावर जाण्याचे हे हमखास कारण आणि त्यावर खर्च शून्य.

उघड्यावरच्या पिनेत ओल शिरली की पितळेच्या भांड्यात दही कळकते तशी मधली तार कळकते. हिरवट, मग काळपट थर चढतो. नुसत्या ओलीने हे काम सावकाश झाले असते, पण या तारेत सदैव १३-१८ व्होल्टची एकाच दिशेची वीज असते आणि खाऱ्या पाण्यातून ती वाहिली की धातू झपाट्याने खाल्ला जातो. तांब्याचा मुलामा गेला की आतले पोलाद गंजते, आणि एके दिवशी पिन उघडली तर मधली तार मोडून एलएनबीच्या भोकातच राहिलेली सापडते. पाणी तेवढ्यावर थांबत नाही. जाळीच्या केसांमधून ते झिरपत खाली येते आणि थेट बॉक्सच्या ट्यूनरपर्यंत पोहोचू शकते. बॉक्सच्या मागची पिन काढल्यावर ओली किंवा हिरवी दिसली तर छपरावरची संपूर्ण वायर बदलावी. तिचे टोक कापून नवी पिन लावण्याने आठ-पंधरा दिवस निघतील, जास्त नाही.

उपाय जुनेच आहेत, पाळले जात नाहीत. एलएनबीपाशी वायर सरळ वर न चढवता तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी पिनेकडे न जाता झोक्याच्या तळाशी ठिबकते. घरात शिरतानाही तसाच झोका बाहेरच्या बाजूला हवा. पिनेवर ताणून बसणारी रबरी टेप गुंडाळावी; विजेची साधी काळी टेप उन्हात सुटते आणि मग पाणी आत साठवून ठेवण्याचेच काम करते. वायरीला मध्ये जोड देऊ नये, द्यावाच लागला तर तो घराच्या आत द्यावा. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड विजेच्या कामात खपून जातो, इथे तो सिग्नल खातो.

एलएनबीचेही वय असते. त्याच्या तोंडावरचे प्लास्टिकचे झाकण उन्हाने ठिसूळ होऊन तडकते, आत पाणी किंवा मुंग्या जातात. कधी गांधीलमाश्या त्यावर घर करतात. पावसाळ्यात सकाळी बंद आणि दुपारी ऊन पडल्यावर चालू, असा टीव्ही वागू लागला तर झाकणाकडे पाहावे. जवळपास वीज कोसळली की एलएनबी जळू शकतो, म्हणून गडगडाट सुरू होताच बॉक्सची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवणे शहाणपणाचे.

काही वाहिन्या दिसतात आणि काही नाहीत, ही तक्रार वेगळी आणि अधिक बोलकी. उपग्रह आपल्या वाहिन्या उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या लहरींवर वाटतो. एलएनबीने कोणत्या लहरी घ्यायच्या हे १३ की १८ व्होल्ट यावरून ठरते. वायर कळकली असेल तर बॉक्समधून निघालेले १८ व्होल्ट छपरावर पोहोचेपर्यंत कमी होतात, एलएनबी त्यांना १३ समजतो आणि एका गटाच्या वाहिन्या गायब होतात. असा नेमका अर्धा संच गेला की नवा एलएनबी घेण्याआधी वायर तपासावी. एखाद्या पट्ट्यातल्याच मोजक्या वाहिन्या सतत फुटत असतील आणि वायर स्वस्तातली, विरळ जाळीची असेल, तर जवळच्या मोबाइल मनोऱ्याच्या लहरी तिच्यात शिरत असण्याचीही शक्यता असते, कारण वायरीतला सिग्नल आणि मोबाइल यांचे पट्टे एकमेकांवर येतात. दाट जाळीची आरजी-६ वायर टाकली की हा त्रास जातो. फ्री डिशच्या बाबतीत मात्र वाहिन्या गायब होण्याचे कारण कित्येकदा निव्वळ कागदोपत्री असते. तिथल्या जागांचा लिलाव होतो, वाहिन्या येतात-जातात, आणि बॉक्सवर पुन्हा स्कॅन केल्याशिवाय नवी यादी दिसत नाही.

सगळे तपासून झाले आणि स्ट्रेंग्थ असूनही क्वालिटी शून्यच राहिली, तरच छत्रीच्या दिशेला हात घालावा. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंशांची असते. ती दीड अंश सरकली की सिग्नल निम्म्यावर येतो. दीड अंश म्हणजे किती, तर छत्रीची एक कड दुसऱ्या कडेच्या तुलनेत दीड सेंटिमीटर मागे जाणे. गंजून सैल झालेला बोल्ट, वाकलेला पोल, छत्रीवर आपटलेला नारळ, जानेवारीत दांडीत अडकलेला मांजा ओढणारे पोर, यांपैकी काहीही तेवढे करू शकते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कुलाब्यात वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला होता. अशा वाऱ्यात दीड सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही.

दिशा जुळवणे दोघांचे काम. एक छपरावर आणि एक टीव्हीसमोर, आणि मध्ये ‘आला... गेला... परत थोडा मागे’ असा पुकारा. हल्ली व्हिडिओ कॉलवर थेट पट्टीच दाखवतात. बोल्ट सैल करण्यापूर्वी छत्रीची आणि ब्रॅकेटची मूळ जागा पेनने खुणावून ठेवावी. मग एकच बोल्ट सैल करायचा, डावी-उजवी दिशा आधी आणि वर-खाली नंतर. राईतून होकायंत्रावर टाटा प्लेसाठी साधारण १५१ अंश, डी२एचसाठी १४१, फ्री डिशसाठी १३१, डिश टीव्हीसाठी १२९ आणि एअरटेलसाठी ११५ अंश अशी दिशा येते. मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी पोल आणि पत्र्याजवळ धरले तर चुकते, म्हणून दोन-तीन मीटर दूर उभे राहून दिशा धरावी आणि समोरची एखादी खूण लक्षात ठेवावी. छत्री केसाएवढी हलवली की चार-पाच सेकंद थांबणे आवश्यक आहे. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो, आणि घाईघाईने फिरवणारा माणूस बरोबर जागेवरून दहा वेळा पुढे निघून जातो. फ्री डिश आणि डिश टीव्ही यांच्या उपग्रहांत अवघ्या दीड अंशाचे अंतर आहे, त्यामुळे शेजारच्या उपग्रहावर छत्री रोखून स्ट्रेंग्थची भरलेली पट्टी पाहत तासन्‌तास घालवणारेही असतात. एलएनबी आपल्या पकडीत फिरला असेल तर दिशा अचूक असूनही क्वालिटी येत नाही. उभ्या आणि आडव्या लहरींची त्यात सरमिसळ होते. बोल्ट घट्ट करताना छत्री थोडी सरकतेच, तेव्हा आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा पाहावी.

सिमेंटच्या किंवा जुन्या लोखंडी पत्र्यावर पाय देण्यापूर्वी त्याखालची वाशांची ओळ पाहून घ्यावी आणि पाय तिच्यावरच पडेल असे चालावे. शेवाळलेल्या छपरावर, पावसात, किंवा विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असताना चढूच नये. अशा ठिकाणी मेकॅनिकचे पैसे स्वस्त पडतात.

राहिला बॉक्स. तो तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या शेजाऱ्याच्या वायरीला आपला बॉक्स जोडून पाहणे. तिथे सिग्नल आला तर बॉक्स बरा, दोष आपल्या छपरावर. नाही आला तर बॉक्स किंवा त्याचा अ‍ॅडॉप्टर. बारा व्होल्टचा थकलेला अ‍ॅडॉप्टर बॉक्सचे दिवे लावतो, पण एलएनबीला पुरेशी वीज देऊ शकत नाही, आणि मग चांगला बॉक्स बिघडलेला ठरतो. मोठ्या सोसायट्यांमध्ये एकाच सामाईक छत्रीवरून मल्टिस्विचमार्फत घरोघरी वायरी गेलेल्या असतात. तिथे एका घराचा सिग्नल गेला तर त्या घराची वायर आणि मल्टिस्विचवरील तिची जागा पाहायची. एका जिन्यातली सगळी घरे गेली तर मल्टिस्विचची वीज. रहिवाशाने गच्चीवरच्या छत्रीला हात लावण्याचे कारण नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोरड्या दिवशी स्ट्रेंग्थ आणि क्वालिटीचे आकडे तारखेसह लिहून बॉक्सच्या तळाशी चिकटवावेत. पुढच्या वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर तेच आकडे पुन्हा पाहावेत. क्वालिटी दहा-पंधरांनी घसरलेली दिसली तर पिना उघडून पाहायला आणि टेप बदलायला तोच महिना योग्य. जूनमध्ये छप्पर ओले झालेले असते.